शार्कचा दात आणि कुकडीचं पाणी

सुप्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेली पोरं सकाळी झोपण्याआधी फोनवर काय काय बघत असतात, याचा अंदाज बांधणं अवघड आहे. त्यात सध्या एक प्रकार जोरात आहे. रबरी पोशाखातला पाणबुड्या गढूळ, वाहत्या नदीच्या तळाशी उतरतो, बॅटरीच्या उजेडात गोटे चाचपतो आणि तळहाताएवढा काळा, चकचकीत, त्रिकोणी दात हातात घेऊन वर येतो. मेगॅलोडॉन नावाच्या, साधारण 36 लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा तो दात. त्यावर लगेच प्रश्न येतो: मग आपल्या निघोजला कुकडी नदीच्या कुंडात बुडी मारली तर?

तर काही मिळणार नाही. जीव मात्र जाऊ शकतो. पण प्रश्न विचारणाऱ्याला एवढ्यावर हाकलून देणं बरोबर नाही. नदीच्या पोटात जुने प्राणी सापडतात हे खरंच आहे, आणि आपल्या जिल्ह्यातल्या नद्या त्या बाबतीत दरिद्री नाहीत. फक्त काय शोधायचं, कुठं शोधायचं आणि पाणी वाहत असताना नदीपासून किती लांब राहायचं, हे ठाऊक हवं.

आधी शार्कचं मिटवू. शार्कच्या अंगात हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा. मेल्यावर तो कुजून जातो आणि दात तेवढे उरतात. दात मात्र भरपूर, कारण शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात आणि मागच्या रांगेतले पुढे येत राहतात. एकेका शार्कचे हजारो दात समुद्राच्या तळाशी जातात. पण ते टिकायला समुद्राचा गाळच लागतो. सुपा, पारनेर, निघोज हा सगळा मुलूख दख्खनच्या काळ्या कातळावर बसला आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले आणि थिजून त्यांचा बेसॉल्ट झाला. त्यानंतर या पठारावर समुद्र कधी चढला नाही. कातळाच्या वर जी माती आणि गोट्यांची भरड आहे ती नद्यांनी आणलेली, त्या मानानं अगदी अलीकडची. तेव्हा उद्या कुणी कुकडीतून शार्कचा दात काढून दाखवला, तर तो कुणाच्या तरी गळ्यातल्या लॉकेटमधून निसटला आहे असं खुशाल समजा. मोरोक्कोतल्या फॉस्फेटच्या खाणींत असे दात ढिगानं निघतात आणि जगभर स्वस्तात विकले जातात.

आपल्या देशात शार्कचे दात आहेत, पण जिथं कधीकाळी समुद्र होता तिथं. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघच्या परिसरात समुद्राचा एक फाटा आत शिरला होता, तिथल्या खडकांत ते मिळाले आहेत. कच्छमध्ये आहेत. तामिळनाडूत अरियलूर-पेरंबलूरकडं कराईच्या उघड्याबोडक्या घळींत आहेत. ओडिशात बारिपदाजवळ बुढाबलंग नदीकाठच्या थरांत आहेत. राजस्थानात जैसलमेरच्या ज्युरासिक खडकांतून शार्कच्या एका नव्या जातीचे दात 2021 साली जाहीर झाले आणि त्या जातीला जैसलमेरचंच नाव मिळालं. या यादीत एक गोष्ट सारखी आहे. ही सगळी ठिकाणं कोरड्या पायानं बघण्याची आहेत. दात खडकाच्या थरात असतात, आणि ते शोधायला उन्हाची टोपी, पाण्याची बाटली आणि वाकून चालणारी पाठ लागते. नळकांडं पाठीला बांधून नदीत उतरणं हा अमेरिकेतल्या काही मोजक्या नद्यांचा मामला आहे. त्याकडं शेवटी येऊ.

आता आपल्याकडचं. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, नदीकाठचा गाळ वाचण्याची परंपरा जुनी आहे. शेवगाव तालुक्यातल्या मुंगीजवळ गोदावरीच्या हाडं असलेल्या भरडीत अकीकाचं हत्यार मिळाल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातली. वर नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीवर गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानं 1905 मध्ये लिहिलं. प्रवरेच्या काठी नेवाशाला ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 मध्ये उत्खनन केलं. तिथल्या भरडीतल्या दगडी हत्यारांवरून मध्य अश्मयुगातल्या एका परंपरेला काही काळ ‘नेवासियन’ असं नावच पडलं होतं. त्याच भागात चिरकीला गुडरून कोर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात खोदकाम केलं आणि अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी बाहेर काढल्या. या नद्यांच्या गाळात रानबैल, हत्ती अशा जनावरांचे दात आणि हाडांचे तुकडे येतात. हत्तीची दाढ हातात घेऊन बघा. शार्कच्या दातासारखी ती गळ्यात घालता येणार नाही, एवढंच.

आणि सुप्याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण कुकडीवरच आहे. निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. राख इथली नव्हे, फार दुरून वाऱ्यानं आलेली. तिच्या सोबतीला अश्मयुगीन हत्यारं मिळाली, आणि मग वाद पेटला. एका मोजणीनं राख सुमारे 14 लाख वर्षांपूर्वीची ठरली, दुसरीनं साधारण पावणेसात लाख, आणि काही अभ्यासकांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची. हा वाद मी एवढ्यासाठी सांगतो की त्याचं सगळं वजन एका प्रश्नावर पडलं: हत्यार नेमकं कुठल्या थरातलं? थराच्या वरचं, खालचं, की नदीनं जुन्यात नवं कालवून ठेवलेलं? पाण्याच्या तळातून उचललेल्या सुट्या तुकड्याला हा प्रश्न विचारताच येत नाही. म्हणून बुडी मारून मिळालेली वस्तू कपाटात शोभते, पण अभ्यासाच्या दृष्टीनं तिची निम्मी किंमत पाण्यातच राहते.

आता वाहत्या पाण्याबद्दल, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकणाऱ्या गोट्याचं वजन दुपटीनं वाढत नाही, चौसष्ट पटींनी वाढतं. भूशास्त्रातला हा जुना नियम आहे आणि ढोबळ मानानं तो खरा उतरतो. नदी पुरात जे उचलते ते वेग कमी झाल्याबरोबर टाकते. जड आधी, हलकं नंतर. त्यामुळं हाड असो, दात असो की हत्यार, ते वेगाच्या जागी थांबत नाही. ते वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या खडकाच्या आडोशाला, ओढा नदीला मिळतो त्याच्या जरा खाली, जुन्या बंधाऱ्याच्या खालच्या बाजूच्या गोट्यांच्या पट्ट्यात थांबतं. नदीनं आपलं काम पावसाळ्यात उरकलेलं असतं. आपण तिथं जायचं ते पाणी आटल्यावर, पौषापासून पुढं. एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं पात्र जे दाखवतं ते जुलैच्या पाण्यात कुठल्याही पाणबुड्याला दिसणार नाही.

निघोजचे रांजणखळगे तर याच्या नेमके उलट. कातळाच्या खाचेत अडकलेले गोटे भोवऱ्याबरोबर गरगर फिरत राहिले आणि त्यांनी बेसॉल्ट पोखरून हे रांजण केले. म्हणजे तो नदीचा खलबत्ता आहे. त्यात पडलेलं हाड काही पावसाळ्यांत पीठ होऊन वाहून जातं. तिथल्या मळगंगा देवीच्या दर्शनाला जा, कुंडांचे फोटो काढा, पण जीवाश्माच्या आशेनं त्यात हात घालण्यात काही अर्थ नाही. शिवाय वाहतं पाणी असताना या कुंडांत पडलेल्या माणसाला वर यायला जागाच सापडत नाही: कडा गुळगुळीत, शेवाळलेल्या, आणि आतलं पाणी उभं फिरणारं, ते माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढतं. पट्टीचा पोहणारा असला तरी त्याचा इलाज चालत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना हे पटवणं जड जातं, कारण विहिरीचं पाणी कधी ढकलत नाही.

पाण्यात पाय घालावाच लागला, समजा पलीकडच्या थडीला जायचं आहे, तर आधी वेग मोजा. काठावर दहा मीटर अंतर मोजून दोन खुणा करा, वरच्या खुणेपाशी सुकं लाकूड टाका आणि खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. दहा सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर. आता पाण्याची खोली मीटरमध्ये धरून वेगानं गुणा. उत्तर पाऊणच्या आसपास गेलं की धडधाकट माणसालाही उभं राहणं कठीण होतं. म्हणजे गुडघ्याच्या वरपर्यंतचं, सेकंदाला दीड मीटर वेगानं जाणारं पाणी झालं की परत फिरा. पाणी गढूळ असेल तर मोजायच्या भानगडीतच पडू नका. तळ दिसत नाही तिथं खोली कळत नाही. वाळूउपशानं आपल्या नद्यांत जे खड्डे झाले आहेत ते तर उन्हाळ्यातही फसवतात. वर घोटाभर पाणी आणि पुढच्या पावलाला पुरुषभर डोह.

तोल गेलाच तर वाहत्या पाण्यात उभं राहायची धडपड करायची नाही. दोन दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पुढं आडवं करतं आणि मग कंबरभर पाण्यातही तोंड वर निघत नाही. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढं आणि पाण्याच्या वर ठेवायचे, आणि हातांनी तिरपं तिरपं काठाकडं सरकायचं. काठावरच्यानं उडी घ्यायची नाही. दोर, बांबू, धोतर, तेलाचा रिकामा कॅन, जे असेल ते फेकायचं आणि 112 ला फोन लावायचा. बुडणाऱ्यामागं उडी घेऊन दोघंही गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात असतात.

आणखी एक गोष्ट इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरून आलेल्याला सांगावी लागते. कुकडीवर वर येडगावचं धरण आहे. आभाळ निरभ्र असतानाही वरून पाणी सुटू शकतं. जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नदीकाठच्या मोटारीवाल्यांना विचारा. पाणी कधी यायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण त्यांच्या मोटारी पात्रात असतात. आणि संध्याकाळी पाचनंतर काठावर थांबू नका. नदीकाठी ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि खाली वाकून गोटे बघणारा माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही.

पात्र झालं, आता दरड. जिथं नदीनं काठ उभा कापला आहे तिथं थोडं लांब उभं राहून आधी नुसतं बघा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट-तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे पांढरे खडे, आणि सगळ्यात खाली कातळावर बसलेली गोट्यांची भरड, चुन्यानं इतकी घट्ट झालेली की काँक्रीटच वाटावी. जुनं हाड आलं तर बहुधा या खालच्या भरडीतून किंवा तिच्या लगतच्या गाळातून येतं. दरडीच्या बुडाशी बसून खणायचं नाही. कोरडी दरड कुठलाही आवाज न करता बसते. पायथ्याशी गळून पडलेलं तेवढं बघायचं.

हाती येईल त्यातलं बहुतेक सगळं फसवं असेल, याची तयारी ठेवा. सगळ्यात फसवतो तो चुनखडीचा खडा. झाडाच्या मुळाभोवती चुना साचून त्याची नळी होते आणि ती हुबेहूब बोटाच्या हाडासारखी दिसते. व्हिनेगरचा थेंब टाका, खडा फसफसतो. पण जुन्या हाडाच्या भेगांतही चुना भरलेला असतो, तेव्हा नुसत्या फसफसण्यावर निकाल देऊ नका. मोडलेल्या जागी भिंगातून बघा. हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते, खड्यात दिसत नाही. दुसरा फसवा प्रकार म्हणजे कॅल्साइटचे टोकदार स्फटिक. बेसॉल्टच्या पोकळ्यांत ते वाढतात आणि दातासारखे दिसतात, इतके की इंग्रजीत त्यांच्या एका प्रकाराला कुत्र्याच्या सुळ्याचं नाव आहे. सुप्याच्या आसपास विहिरीच्या खोदकामात निघालेली गारगोटीही अशाच पोकळ्यांतली. ‘शार्कचा दात’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारे आपल्याकडचे बहुतेक फोटो याच स्फटिकांचे निघतील असं मला वाटतं.

तिसरं म्हणजे मेलेल्या गाईबैलांची अलीकडची हाडं आणि दाढा. गुरांची दाढ ओळखायला सोपी: उभी, लांबट, वर चंद्रकोरीसारख्या रेघा. रानबैलाची जुनी दाढही आकारानं तशीच, म्हणून इथं वजन आणि आवाज कामाला येतात. जुनं, दगड होत आलेलं हाड हातात जड लागतं, दुसऱ्या दगडावर हलकं टेकवलं तर मडक्यासारखं खणकतं, रंग तपकिरी ते काळा. नवं हाड हलकं, पांढुरकं आणि आवाज बद्द. पुस्तकात सांगतात तशी जीभ लावून बघायची परीक्षा आपल्या नद्यांच्या आजच्या पाण्यात करू नका, डॉक्टरकडं जावं लागेल.

खरंच काही वाटलं, तर उचलण्याआधी फोटो. शेजारी सहा इंची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं. हात ठेवू नका, हाताची मापं वेगवेगळी. एक फोटो जवळून, एक लांबून, त्यात दरड आणि आसपासची एखादी न हलणारी खूण यावी. फोनवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घ्या. कागदावर गाव, नदी, कुठला काठ, तारीख आणि वस्तू सुटी पडली होती की थरात रुतलेली, एवढं लिहा. रुतलेली असेल तर ओढू नका. गाळातलं हाड बाहेरून दणकट दिसतं आणि हातात त्याचा भुगा होतो. सुटा तुकडा असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळूहळू वाळवा. नळाखाली धुवायचं नाही, फेव्हिक्विक लावायचं नाही, तेल लावून चमकवायचं तर अजिबात नाही.

कायद्याचंही थोडं. शंभर वर्षांहून जुन्या मानवी वस्तू, म्हणजे दगडी हत्यार, खापर, नाणं, मूर्ती, या 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. त्या परस्पर विकणं किंवा परदेशी पाठवणं अंगाशी येईल. नुसत्या जीवाश्मांसाठी केंद्र सरकारनं 2022 मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा मांडला होता. पण रोजच्या व्यवहारात तुम्हाला आडवा येईल तो वेगळाच नियम. चाळायला घरी नेऊ म्हणून पोत्यात वाळू-गोटे भरलेत, तर ते गौण खनिज झालं, आणि तुम्हाला पोत्यात हत्ती शोधायचा होता हे तहसीलदाराच्या पथकाला पटवणं अवघड आहे. काठाची जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, त्या शेतकऱ्याला आधी विचारा. बोरीच्या राखेसारख्या थराला तर नखही लावू नका. पावसानं होते ती झीज पुरे आहे.

सापडलेलं कुणाला दाखवायचं? पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग आहे, नेवासा आणि इनामगावच्या उत्खननांपासूनची त्यांची या भागाशी ओळख आहे, आणि शोधाला निघण्याआधी तिथलं संग्रहालय एकदा बघून घेतलंत तर नजर तयार होते. सुप्याहून पुणे रस्त्यानं ते सरळ पडतं. भूशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयातले प्राध्यापकही नीट काढलेला फोटो आणि ठिकाण पाठवलं तर सहसा उत्तर देतात. दैमाबादची प्राचीन ब्राँझची जनावरं आणि रथ प्रवरेकाठी झाडाची मुळं खणताना गावातल्याच माणसाला सापडली होती, तेव्हा आपल्याला कोण विचारतो असं मानू नका.

इतकं वाचूनही ज्याला पाण्यातच उतरायचं आहे, त्याच्यासाठी तो अमेरिकेतला मामला. दक्षिण कॅरोलायना राज्यात कूपर नावाची नदी आहे. तिच्या तळाशी समुद्री थरांतून सुटलेल्या दातांच्या भरडीचे पट्टे आहेत. पाणी चहासारखं काळपट, हातभरावरचं दिसत नाही, सुसरीच्या जातीचे अॅलिगेटर आहेत, आणि भरती-ओहोटीनं प्रवाह दिवसातून अनेकदा फिरतो. तिथले जाणते पाणबुडे वेग अंगावर घेत नाहीत. भरती आणि ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात ते उतरतात, नांगराचा दोर धरून तळ गाठतात, कमरेला नेहमीपेक्षा जास्त शिसं बांधतात आणि हातातला लांब स्क्रूड्रायव्हर तळात रोवून पुढं सरकतात. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर पाणीच नावेकडं परत आणतं. हवा ठरल्या पातळीला आली की दात समोर दिसत असला तरी वर यायचं. आणि हे सगळं परवान्यानं. राज्याच्या पाण्याखालून काही उचलायचं तर छंदी पाणबुड्याचा मुदतीचा परवाना काढावा लागतो आणि काय सापडलं, कुठं सापडलं याचा दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो.

तिकडं जाण्याची सुरुवात आपल्याकडं मालवणजवळ तारकर्लीला होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था तिथं आहे. पावसाळा संपल्यावर समुद्र निवळतो तेव्हा जा, आणि पर्यटकांची अर्ध्या तासाची बुडी न घेता प्रमाणपत्राचा पूर्ण अभ्यासक्रम करा. पहिल्या प्रमाणपत्रानं साधारण 18 मीटरपर्यंत, स्वच्छ पाण्यात, जोडीदारासोबत उतरता येतं. त्यानंतर अंधाऱ्या पाण्याचं आणि प्रवाहाचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. कान दुखत असेल, दमा असेल, तर फॉर्म भरण्याआधी डॉक्टरला विचारा. फॉर्मवर ‘नाही’ लिहून तळाशी दमा थांबत नाही.